नळी, नाडी आणि इंट्युबेशन

मंडळी, सावद्यात 'नळी' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती केळीच्या बागेतली ठिबकची नळी. दवाखान्यात मात्र डॉक्टर म्हणतात, "पेशंटला इंट्युबेट करावं लागेल", आणि आपण मान हलवून सही करतो. आज बोलायचंय ते त्या सहीआधीच्या शब्दाबद्दल.

शब्द लॅटिनमधून आला. 'इन' म्हणजे आत, 'तुबुस' म्हणजे नळी. तुतारीला म्हणत 'तुबा'. आत नळी घालणं, एवढाच अर्थ. १८७८ साली ग्लासगोत विल्यम मॅकईवन यांनी भूल देण्यासाठी तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातली. पुढे १८८५च्या सुमारास न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी घटसर्पाने घसा बंद झालेल्या मुलांसाठी ही पद्धत वापरात आणली.

नळी आपल्यालाही नवी नाही बरं का! सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं सांगितली आहेत. त्यांतली २० नाडीयंत्रं, म्हणजे पोकळ. 'नाडी'च्या मुळाशी आहे 'नड', बोरूसारखं पोकळ गवत. आणि 'कॅन्युला'च्या मुळाशी असलेला लॅटिन 'कान्ना', तोही बोरूच!

मग मराठीत काय म्हणायचं? 'नलिकाप्रवेशन' असा शब्द घडवता येतो. पण त्याने इंग्रजीची भिंत पडून संस्कृतची उभी राहते. 'नळी टाकली' हे सोपं, पण अपुरं. लघवीची नळी, नाकातून पोटात जाणारी नळी, श्वासाची नळी, सगळ्यांना आपण तेच म्हणतो. 'व्हेंटिलेटरवर ठेवलं' हेही वेगळं. नळी हा रस्ता, व्हेंटिलेटर हे हवा ढकलणारं यंत्र.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. ही नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. त्यामुळे ती आत असेपर्यंत माणसाला बोलता येत नाही. घरच्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि नेमकी तीच ना 'इंट्युबेशन'मध्ये ऐकू येते, ना 'नलिकाप्रवेशन'मध्ये.

म्हणून माझं म्हणणं, इथे एका शब्दाचा हट्ट सोडावा आणि अख्खं वाक्य बोलावं: "श्वासनलिकेत नळी घालणार आहोत. ती असेपर्यंत त्यांना बोलता येणार नाही. वेळ आहे, आत येऊन दोन शब्द बोलून घ्या."

कधी तेवढा वेळ नसतो, हे मान्य. पण असतो तेव्हा तो शब्दाच्या अवघडपणात वाया जाऊ नये.