कादंबरीने राखलेली साक्ष

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचन करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. परंतु बेड्या तुटल्यानंतर त्या मुक्त लोकांचे पुढे काय झाले, याची ओळख आपणांस बेताचीच आहे. ती करून देणारी कृती म्हणून चार्ल्स चेस्नट यांच्या ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ (१९०१) या कादंबरीचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

तिच्यामागील घटना ऐतिहासिक आहे. १० नोव्हेंबर १८९८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन शहरी सशस्त्र गोऱ्या जमावाने अलेक्झांडर मॅनली या कृष्णवर्णीय संपादकाच्या ‘डेली रेकॉर्ड’ पत्राचे कार्यालय जाळले, कित्येक कृष्णवर्णीयांस ठार मारले आणि कायदेशीर नगरशासनास राजीनामे द्यावयास लावले. जमावाचे पुढारी वॉडेल त्याच दिवशी महापौर झाले. मृतांचा निश्चित आकडा आजही सांगता येत नाही.

या प्रकारास पुढे शंभर वर्षे ‘दंगल’ म्हटले गेले. दंगल म्हटली की दोन पक्ष आले, दोघांचाही थोडाथोडा दोष आला, आणि क्षणिक माथेफिरूपणाची सबबही आली. चेस्नट यांनी ही सबब रचनेच्या बळावर खोडून काढली आहे. शहराचे नाव त्यांनी ‘वेलिंग्टन’ असे बदलले, पात्रे कल्पिली. पण रक्तपात अखेरच्या प्रकरणांत ठेवून आरंभीच मेजर कार्टरेट या संपादकाच्या खोलीत तीन प्रतिष्ठित गृहस्थांस मसलतीस बसविले. कृष्णवर्णीयांच्या पत्रातील एक लेख ते योग्य वेळ येईपर्यंत राखून ठेवतात, तेव्हाच वाचक उमजतो की ही दंगल नव्हे, हा कट आहे.

कादंबरी निर्दोष नाही. दडविलेले मृत्युपत्र, सावत्र बहिणींचे विलक्षण साम्य, चोरी आणि खून ही सामग्री नाटकी आहे. मॅमी जेन व जेरी हे स्वामिनिष्ठ नोकर प्रथम उपहासचित्रे वाटतात. पण त्या दिवशी तेही मरतात, आणि निष्ठा कोणाचेही रक्षण करीत नाही हे कळून चुकते.

शेवट मात्र असामान्य आहे. ज्यांचे रुग्णालय जळाले, ज्यांचा मुलगा गोळीने मेला, त्या कृष्णवर्णीय डॉक्टर मिलर यांच्या दारी कार्टरेट आपल्या गुदमरणाऱ्या बाळासाठी येतो. मिलर नकार देतात, आणि तो न्याय्य आहे हे खुद्द कार्टरेटलाही पटते. अखेर मिलर जातात, ते पुत्रशोकात बुडालेल्या पत्नीच्या अनुमतीने. बाळ वाचले की नाही, हे लेखक सांगत नाही. क्षमेस त्याने स्वस्त होऊ दिलेले नाही.

चेस्नट यांच्या कथांचे चाहते असलेले हॉवेल्स यांनाही हे पुस्तक फार कटू वाटले. खपही जेमतेमच झाला. पुढे राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाने २००६ साली हा पूर्वनियोजित सत्तापहार होता असा निर्वाळा दिला. त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत नावे व तारखा खऱ्या होत्या, पण हकिकत खोटी होती. कादंबरीत नावे खोटी, हकिकत खरी. एखादे शहर आपले पाप विसरू पाहते, तेव्हा त्याची साक्ष राखण्याचे काम कधी कधी कल्पित वाङ्मयावरच येऊन पडते. कटुता हा त्या साक्षीचा दोष नव्हे, तिचा प्रामाणिकपणा होय.