रुपया कोणाच्या नावावर?

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली प्रसिद्ध झाला आणि मुंबईतील वेश्यावस्ती मराठी कवितेत आली. त्याच्या थोडे आधी बाबुराव बागुलांनी ‘सूड’मध्ये वेश्येच्या पोटी जन्मलेली जानकी उभी केली होती. या लेखनावर आपण पन्नास वर्षे बोलत आहोत. विद्रोह, नकार, भूक, देह, भाषेची मोडतोड हे शब्द वापरून मीही ते वर्गात शिकवितो आणि परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो. परंतु गिऱ्हाईक बाईच्या हातावर पैसे ठेवते, त्या पैशाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने स्वतःला फारसा विचारलेला नाही. वेश्येच्या देहाचे वाचन झाले. तिच्या हिशेबाचे झाले नाही.

मलाही तो प्रश्न सुचला नव्हता. तो माझ्या एका विद्यार्थ्याने विचारला. त्याची आई याच धंद्यात आहे आणि तिच्याच पैशावर तो शिकतो आहे. एके दिवशी तास संपल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, पूर्वी आई नोटा द्यायची. नोटेवर कुणाचं नाव नसतं. आता ती फोनवरून पाठवते. दर महिन्याला माझ्या खात्यात तिचं नाव उमटतं. मला अठरा पूर्ण झाली. कायद्यानं मी गुन्हेगार ठरतो का?’’ मी कायदा वाचलेला नव्हता. घरी जाऊन वाचला.

१९५६ च्या अनैतिक देहव्यापार प्रतिबंधक कायद्याने देहविक्रय हा स्वतः गुन्हा ठरविलेला नाही. कुंटणखाना चालविणे, दलाली करणे, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. पण त्याचे चौथे कलम असे की, अठरा वर्षांवरील जी व्यक्ती दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर पूर्णतः वा अंशतः जाणूनबुजून जगते, तिला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम दलालासाठी आहे, असे कोणी सांगेल. परंतु कलमाच्या शब्दांत शिकणारा मुलगा वगळलेला नाही, म्हातारी आई वगळलेली नाही. नोटांच्या काळात हे कलम सिद्ध करायला साक्षीदार लागत. आता साक्षीदार फोनमध्येच बसला आहे.

या पार्श्वभूमीवर ‘रोख की ऑनलाइन’ या वादाकडे पाहिले पाहिजे. पांढरपेशा सुधारकाचे उत्तर तयार असते. पैसा खात्यात आला की दलाल संपला, चोरी संपली, बाई स्वतंत्र झाली! हे उत्तर ज्यांची नावे प्रतिष्ठित आहेत अशा लोकांचे आहे. स्वतःचे नाव पडद्यावर उमटल्याने ज्याचे काही बिघडत नाही, त्याला नावाची किंमत कळत नाही.

उलट रोख रकमेचे गोडवे गाणेही खोटेपणाचे आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा माझ्या आईने डाळीच्या डब्यातून पाचशेच्या सात नोटा काढून वडिलांसमोर ठेवल्या. मजुरीतून चोरून साठविलेले ते पैसे. वडील काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून तिचा डबा तिचा राहिला नाही. बाईची रोकड ही पुरुषापासून लपविलेली रोकड असते, आणि लपविलेले कोणीही हिरावू शकतो. वेश्यावस्तीत तर हिरावणारे रांगेने उभे असतात. अधिया पद्धतीत निम्मी कमाई घरवालीची. उरलेल्या निम्म्यातून खोलीचे भाडे, सावकाराचे व्याज, हप्ता. धाड पडली की गादीखालचे पैसेही जातात, आणि त्यांची पावती कोणी देत नाही.

म्हणून फोन आला तेव्हा तो अनेकींना हवासा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. पण फोनवरचा पैसा नावानिशी चालतो. यूपीआयवर पैसे पाठविणाऱ्याला घेणाऱ्याचे बँकेतले नाव दिसते, अनेकदा मोबाईल क्रमांकही कळतो. धंद्यात आलेली बाई पहिल्याच दिवशी आपले नाव टाकते आणि दुसरे घेते. ते टाकलेले नाव आडनावासह गिऱ्हाइकाच्या पडद्यावर परत येते. आणि महाराष्ट्रात आडनाव म्हणजे काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. नोट जात विचारीत नव्हती. क्यूआर कोड जात सांगून मोकळा होतो.

नाव झाकायचे म्हणून बाई दुसऱ्याचा कोड लावते. तो घरवालीचा असतो. एस्कॉर्ट म्हणून फोनवरून ठरणाऱ्या धंद्यात दलालच पैसे आपल्या खात्यात घेऊ शकतो आणि तिचा वाटा मागाहून देऊ शकतो. म्हणजे जुना अधिया नव्या यंत्रातून चालूच. पैसे पाठविल्याचे खोटे चित्र दाखवून गिऱ्हाईक निघून गेले, तर तिने तक्रार कोठे करावी? आणि उद्या एखाद्याने तिच्याविरुद्ध सायबर तक्रार केली व खाते गोठले, तर ते सोडविण्यासाठी पोलिसांसमोर आपला व्यवसाय काय म्हणून सांगावा?

ही सत्ता किती दूरवर बसलेली असते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. २०१५ साली शिकागो परिसराच्या शेरीफने व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांना पत्र लिहिले, आणि एस्कॉर्टच्या जाहिराती छापणाऱ्या ‘बॅकपेज’ या संकेतस्थळाचे पैसे त्यांनी बंद केले. नवा कायदा झाला नव्हता, न्यायालयाचा निकाल नव्हता. त्याच वर्षी अपील न्यायालयाने शेरीफचे हे दडपण घटनाबाह्य ठरविले. पण रोकड एकेकीकडून हिसकावी लागते. खात्यांचा नळ मात्र एका पत्राने हजारोंसाठी बंद होतो, एवढे त्यातून दिसलेच.

मग मार्ग कोणता? तो बायांनीच शोधला आहे. १९९५ साली कोलकात्यात सोनागाचीच्या स्त्रियांनी ‘उषा’ ही आपली सहकारी संस्था काढली. सावकाराच्या दारात उभे न राहता आपलीच बचत, आपलेच कर्ज. तिथे व्यवसायाच्या रकान्यात खोटे लिहावे लागत नाही, कारण खिडकीच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे. पुढे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना आधार कार्ड द्यावे, मात्र त्यावर व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण नसावी, असे निर्देश दिले. ओळख हवी आणि ओळखू येता कामा नये: या दोन्ही गोष्टी एकदम मागणे म्हणजे विसंगती नव्हे. जात चोरून खोली भाड्याने घेतलेल्या आपल्या लोकांना तरी हे समजले पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो घरचाच आहे. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना हे लाजिरवाणे जीवन सोडण्यास सांगितले. मग त्या धंद्यातल्या देवघेवीची चर्चा आपण का करावी? मी याचे उत्तर असे देतो. बाबासाहेबांनी त्या दिवशी पोटापाण्याचा मार्ग शोधणे त्या स्त्रियांवरच सोपविले होते. मार्ग शोधायला गाठीला पैसा लागतो, आणि तो दुसऱ्याच्या खात्यात असेल तर बाहेर पडण्याचे दार बाहेरून बंद राहते. १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी रुपयाचे मोल स्थिर आहे काय, हे तपासले होते. तोच प्रश्न आपण कामाठीपुऱ्याच्या गल्लीत विचारला पाहिजे: गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातले तिच्या पदरात किती उरते?

३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने पैसे पाठविण्याचे एक ॲप काढले आणि बाबासाहेबांच्या नावावरून त्याला ‘भीम’ हे नाव दिले. नाव दिले, ठीक. पण चौथे कलम जसेच्या तसे ठेवले. त्या ॲपवरून आईने मुलाची फी भरली, तर ती पावती आजही त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकते. आश्रित आईबाप आणि शिकणारी मुले या कलमातून स्पष्टपणे वगळावीत, ही मागणी आपल्या चळवळीने आपली मानावी. आणि ‘गोलपिठा’ शिकविणाऱ्या आम्ही शिक्षकांनी वर्गात देहाबरोबर हिशेबही वाचावा.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, ‘‘तू गुन्हेगार नाहीस. पण कायद्याच्या शब्दांत तसं लिहिलेलं नाही.’’ त्याने मान डोलावली. पुढच्या सत्राची फी तो घेऊन आला, तेव्हा ती नोटांत होती. कारकुनाने विचारले, ‘‘अरे, ऑनलाइन का भरत नाहीस?’’ तो काहीच बोलला नाही. मीही तेथेच उभा होतो.