एका घटासाठी अख्खी बॅटरी?

विजेच्या मोटारीत हलणारे भाग थोडे, म्हणून तिची देखभाल सोपी, असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. तिचा सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी. ती उघडून दुरुस्त करता येते का, यावर मोटारीचे आयुष्य ठरते.

निसानने डिसेंबर २०१० मध्ये विक्रीस आणलेली लीफ पाहा. तिच्या २४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीत १९२ घट होते. चार-चार घटांचे ४८ संच एकसर जोडलेले. एकसर मंडलात सर्वत्र सारखीच विद्युतधारा वाहते, हे आपण शाळेत शिकवतोच. त्यामुळे एक संच लवकर रिता झाला, की उरलेल्या सत्तेचाळीसांत ऊर्जा शिल्लक असूनही मोटार थांबवावी लागते. पण हे संच बोल्टने जोडलेले असल्याने बिघडलेला तेवढाच बदलता येतो. अपघातात मोडलेल्या लीफमधले चांगले संचही त्यासाठी उपयोगी पडतात. बॅटरी थंड ठेवण्याची खास सोय नसणे हा लीफचा मोठा दोष. ॲरिझोनासारख्या उष्ण प्रदेशात तिची बॅटरी लवकर क्षीण झाली. तरी दुरुस्तीची वाट तिने बंद केली नाही.

टेस्लाने २०२२ मध्ये मॉडेल वायच्या काही गाड्यांत नेमके उलट केले. तेथे बॅटरी हाच मोटारीचा तळ आहे आणि घटांभोवती घट्ट होणारा फेस भरलेला आहे. त्याने सुटे भाग कमी होतात, सांगाडा ताठ होतो, हे मान्य. पण बिघडलेला घट वेगळा काढणे जवळजवळ अशक्य होते आणि लहानशा दोषापायी अख्खी बॅटरी बदलण्याची पाळी येते.

कायदाही येथे अपुरा पडतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, हातात नेण्याजोग्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता आली पाहिजे. मोटारींना मात्र हे कलम लागू नाही. सुमारे ३६० व्होल्टची बॅटरी घरी उघडू नये, हे खरेच. पण प्रशिक्षित कारागिराचीही वाट अडवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

वर्गात तीन नवे आणि एक वापरलेला कोरडा घट एकसर जोडून सहा व्होल्टचा बल्ब लावा. बल्ब पेटलेला असताना प्रत्येक घटाचे विभवांतर मोजा. दोषी घट मुलेच शोधतील. मग विचारा, बदलायचे काय: एक घट, की चारही?