‘गोड गाते’ आणि ‘चांगली गाते’: क्रियाविशेषणाची व्याख्या कुठे अडकते?

नेट, पेट किंवा भाषा-तंत्रज्ञानाच्या एखाद्या प्रकल्पाची तयारी करत असाल, तर शब्दांच्या आठ जाती तुम्ही पाठ केल्या असतीलच. क्रियाविशेषण अव्यय म्हणजे क्रियेबद्दल जास्त माहिती देणारा, लिंग-वचनानुसार न बदलणारा शब्द. परीक्षेला एवढं पुरतं. पण हजारो वाक्यांतल्या प्रत्येक शब्दाला लेबल लावायला बसलात, की ही व्याख्या हात टेकते.

दोन वाक्यं घ्या. ‘ती गोड गाते’ आणि ‘ती चांगली गाते’. दोन्हींत गाणं कसं आहे तेच सांगितलंय. आता कर्ता बदला: ‘तो गोड गातो’, पण ‘तो चांगला गातो’. म्हणजे व्याख्येप्रमाणे ‘गोड’ अव्यय झालं आणि ‘चांगली’ बाहेर पडली. पण थांबा. ‘गोड मुलगा’, ‘गोड मुलगी’ इथेही ‘गोड’ बदलत नाही, आणि तिथे ते सरळ विशेषण आहे. मराठीत ‘चांगला’, ‘मोठा’ अशी आकारान्त विशेषणं बदलतात, बाकीची बहुतेक बदलत नाहीत. म्हणजे ही कसोटी शब्दाचं वाक्यातलं काम तपासतच नाही, त्याचा शेवटचा स्वर तपासते!

गाइडांमधली दुसरी युक्ती म्हणजे क्रियापदाला ‘केव्हा, कुठे, कसं’ विचारणं. विचारून बघा: ‘ती कशी गाते?’, ‘तो कसा गातो?’ अव्यय ओळखायला दिलेला प्रश्नच विकारी निघतो.

माझ्या मते खोट इथे आहे: व्याख्येत अर्थाचा निकष आणि रूपाचा निकष एकत्र बांधलेत, पण दोघांचं पटलं नाही तर कोणाचं ऐकायचं ते सांगितलेलं नाही. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपल्या शब्दविचारावर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. इंग्रजीत विशेषण लिंगाप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे तिथे हा पेच पडत नाही. काही पुस्तकं ‘चांगली’ला नुसतं ‘क्रियाविशेषण’ आणि ‘हळू’ला ‘क्रियाविशेषण अव्यय’ म्हणतात. ही तोड बरी, पण ‘गोड’ लटकलेलंच राहतं.

शब्दयोगी अव्ययाशी होणारी गल्लत त्यामानाने सोपी वाटते. ‘खाली बस’ हे क्रियाविशेषण, ‘झाडाखाली बस’ हे शब्दयोगी, कारण ते नामाला जोडून आलंय. पण मोबाइलवर लोक ‘झाडा खाली’ असं तोडून टाइप करतात. जागा बघून ठरवलंत तर चुकाल. ‘झाड’चं ‘झाडा’ झालंय, ते सामान्यरूप बघा. मग ‘झाडाच्या खाली’चं काय? आणि ‘खालून’, ‘खालचा’, ‘कालपासून’? प्रत्यय घेणाऱ्या शब्दाला अव्यय म्हणायचं तरी कसं?

भारतीय भाषांसाठीच्या बीआयएस टॅगसेटने इथे वेगळी वाट धरली आहे. त्यात क्रियाविशेषणाचं लेबल फक्त रीतिवाचकांना, म्हणजे ‘हळूहळू’, ‘पटकन’ अशांना. ‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’ यांच्यासाठी नामाखालीच स्थल-कालाचा वेगळा उपप्रकार आहे. ‘फार मोठा’मधलं ‘फार’ तीव्रतादर्शक म्हणून निपातांत जातं, ‘फार लोक’मधलं संख्या-परिमाणदर्शकांत. मला ही मांडणी मराठीला जास्त मानवणारी वाटते. पण तिची किंमतही आहे: ‘या मजकुरात क्रियाविशेषणं किती’ याचं उत्तर शाळेच्या व्याकरणाने एक येईल आणि टॅगसेटने बरंच कमी. दोन प्रबंधांतले असे आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणी कोणती यादी वापरली ते बघा.

तुमच्या मार्गदर्शिकेत निकषांचा क्रम आधी लिहून ठेवा: आधी वाक्यातलं काम, मग रूप, किंवा उलट. ‘गोड’ आणि ‘चांगली’ ही जोडी नमुना म्हणून तिथेच घाला, म्हणजे दोन लेबल लावणारे दोन दिशांना जाणार नाहीत. ‘मोठ्याने’, ‘जोराने’ असे तृतीयेतून आलेले शब्द मी इथे मुद्दाम घेतले नाहीत. त्यांचं प्रकरण मोठं आहे, पुढच्या लेखात बघू.