‘वाईट कर्मचारी’ : ओळख आणि व्यवस्थापन – मेलव्हिलच्या ‘बार्टल्बी’ या कथेचा पुनर्विचार

प्रास्ताविक

व्यवस्थापनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ‘समस्याग्रस्त कर्मचारी’ या विषयावर एक प्रकरण हमखास आढळते. प्रथम लक्षणे दिलेली असतात : कामास उशीर, टाळाटाळ, सहकाऱ्यांशी विसंवाद, आज्ञाभंग. त्यानंतर उपायांची पायरी येते : तोंडी समज, लेखी ताकीद, बदली आणि अखेरीस बडतर्फी. कार्यालय चालवायचे तर ही चौकट आवश्यक आहे, हे नाकारता येत नाही. मात्र या चौकटीत एक गृहीतक दडलेले असते. दोष कर्मचाऱ्याच्या ठायी असतो आणि वरिष्ठाला तो दिसतो, हे ते गृहीतक होय. अमेरिकन कथाकार हर्मन मेलव्हिल यांच्या ‘बार्टल्बी’ या दीर्घकथेत या गृहीतकाची कसोटी लागते. प्रस्तुत लेखात या कथेचा विचार कार्यालयीन व्यवस्थापनाच्या अंगाने केला आहे.

कथेची पार्श्वभूमी

ही कथा १८५३ च्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत न्यूयॉर्कच्या ‘पुटनम्स मंथली’ या मासिकात दोन भागांत प्रसिद्ध झाली आणि १८५६ मध्ये मेलव्हिल यांच्या कथासंग्रहात समाविष्ट झाली. निवेदक हा साठीच्या आसपासचा वकील आहे. वॉल स्ट्रीटवरील त्याच्या कार्यालयात गहाणखते, मालमत्तेचे दस्तऐवज यांच्या हाताने नकला केल्या जातात. लेखनिकाला मोबदला मिळतो तो शंभर शब्दांना चार सेंट या दराने. नक्कल पूर्ण झाली की मूळ दस्तऐवजाशी ती शब्दशः ताडून पाहायची, हाही कामाचाच भाग. कथेतील संघर्षाची ठिणगी याच कंटाळवाण्या कामातून पडते.

दोन सदोष कर्मचारी आणि एक समंजस वरिष्ठ

बार्टल्बीच्या आगमनापूर्वी कार्यालयात टर्की आणि निपर्स हे दोन लेखनिक आहेत. टर्की वयस्कर, सकाळी अत्यंत कार्यक्षम, पण दुपारी बारानंतर त्याचा तोल सुटतो आणि कागदांवर शाईचे डाग पडू लागतात. निपर्स तरुण आहे. अपचनामुळे तो सकाळभर चिडचिड करतो, टेबलाची उंची पुन्हा पुन्हा बदलतो. दुपारी मात्र शांतपणे काम करतो. आजच्या कोणत्याही मूल्यमापन-तक्त्यात हे दोघेही सहज ‘असमाधानकारक’ ठरले असते.

निवेदक त्यांना काढून टाकत नाही. टर्कीने दुपारी घरी जावे, असे तो एकदा सुचवून पाहतो. टर्की आपल्या उतारवयाचा दाखला देतो, तेव्हा निवेदक माघार घेतो आणि दुपारी त्याच्याकडे कमी महत्त्वाचे कागद द्यायचे ठरवतो. एकाचा बिघाड सुरू होतो तेव्हा दुसऱ्याचा संपलेला असतो, हेही त्याने हेरले आहे. येथे व्यवस्थापनाचे एक उत्तम उदाहरण दिसते. माणूस बदलत नसेल तर कामाची मांडणी बदलता येते, हे निवेदकाला उमगले आहे. मग बार्टल्बीच्या बाबतीत हाच समंजस वरिष्ठ अपयशी का ठरतो?

पडद्यामागचा माणूस

बार्टल्बी सुरुवातीला आदर्श कर्मचारी असतो. तो दिवसाउजेडी आणि मेणबत्तीच्या प्रकाशातही अविश्रांत नकला करतो. निवेदक त्याला आपल्याच दालनात, पण हिरव्या पडद्यामागे बसवतो. माणूस दृष्टीआड राहावा, पण हाकेच्या अंतरावर असावा, हा त्यामागचा हेतू. बार्टल्बीच्या खिडकीबाहेर अवघ्या तीन फुटांवर भिंत आहे.

तिसऱ्या दिवशी निवेदक त्याला नक्कल ताडून पाहण्यासाठी बोलावतो. बोलावताना त्याचे डोके मूळ कागदात खुपसलेले आहे आणि नक्कल धरलेला हात बाजूला पसरलेला आहे. तो समोरच्याकडे पाहतसुद्धा नाही. आज्ञा पाळली जाणार, हे त्याने गृहीतच धरले आहे. बार्टल्बी अत्यंत सौम्य शब्दांत नकार देतो. पुढे तो नकला करणेही थांबवतो. निवेदक कारण विचारतो, तेव्हा कारण आपणास स्वतःलाच दिसत नाही काय, अशा आशयाचे उत्तर येते. निवेदक त्याच्याकडे निरखून पाहतो. डोळे निस्तेज दिसतात म्हणून दृष्टी बिघडली असावी, असा निष्कर्ष तो काढून टाकतो.

कथेचे मर्म या प्रसंगात आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. कारण पाहण्यास सांगितल्यावर निवेदक केवळ कर्मचाऱ्याचे शरीर पाहतो. पडदा, भिंत, शब्दांच्या मोजणीवर चालणारे निर्जीव काम याकडे त्याची नजर वळत नाही. टर्कीसाठी कामाची वाटणी बदलणारा हा माणूस बार्टल्बीच्या बाबतीत बैठकीची जागादेखील बदलून पाहत नाही.

निवेदक निर्दय नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तो बार्टल्बीची विचारपूस करतो, पुढे त्याला स्वतःच्या घरी नेण्याचीही तयारी दाखवतो. परंतु दुसऱ्या कामांचे पर्याय तो सुचवतो ते स्वतःचे कार्यालय अन्यत्र हलवून, म्हणजे संबंध तोडल्यानंतर. तत्पूर्वी देय असलेल्या बारा डॉलरांवर वीस डॉलर अधिक देऊन, आवाज न चढवता त्याने बार्टल्बीला निरोप दिलेला असतो. या कौशल्याबद्दल तो स्वतःचीच पाठ थोपटतो. मेलव्हिल यांनी तेथे ‘व्यवस्थापन’ या अर्थाचाच शब्द योजला आहे, ही बाब सूचक आहे. दुसऱ्या दिवशी बार्टल्बी तेथेच असतो! कथेच्या अखेरीस त्याची रवानगी तुरुंगात होते आणि तेथेच त्याचा मृत्यू होतो.

दोन पदच्युत माणसे

कथेच्या आरंभी निवेदक एक तक्रार नोंदवतो. न्यायालयाशी संबंधित एक लाभदायक पद त्याला मिळाले होते; नव्या राज्यघटनेने ते रद्द झाल्याची खंत त्याच्या मनात आहे. कथेच्या शेवटी तो बार्टल्बीविषयी एक ऐकीव वार्ता सांगतो. वॉशिंग्टन येथे बेवारस पत्रे हाताळणाऱ्या टपाल कार्यालयात तो दुय्यम कारकून होता आणि प्रशासन बदलताच त्याला काढण्यात आले होते. व्यवस्था बदलली म्हणून दोघांचीही पदे गेली. स्वतःच्या बाबतीत निवेदक व्यवस्थेला दोष देतो. बार्टल्बीच्या बाबतीत मात्र उपजत स्वभाव आणि दुर्दैव यांत कारण शोधतो. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांना लावल्या जाणाऱ्या मापांतील हा फरक समीक्षेने दुर्लक्षू नये.

एक आक्षेप

काही अभ्यासक बार्टल्बीकडे निष्क्रिय प्रतिकाराचा नायक म्हणून पाहतात. हे वाचन आकर्षक असले तरी अपुरे आहे. त्याने नाकारलेले काम नाहीसे होत नाही. ते टर्की आणि निपर्सच्या अंगावर पडते. दुसऱ्याचे काम विनामोबदला करण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ, अशी निपर्सची कुरकुर कथेत येते. ती रास्त आहे. काम न करणाऱ्याविषयी कोणताही निर्णय न घेणे हा काम करणाऱ्यांवरील अन्याय ठरतो. त्यामुळे बार्टल्बीविषयी सहानुभूती बाळगूनही निवेदकाची चालढकल समर्थनीय मानता येत नाही.

समकालीन संदर्भ

विसाव्या शतकात गुणवत्ता-तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी लाल मण्यांच्या प्रयोगातून हाच प्रश्न मांडला. पांढऱ्या आणि लाल मण्यांच्या पेटीतून कामगारांनी ठराविक खाचांच्या फळीने मणी काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. पेटीतील लाल मण्यांचे प्रमाण आधीच ठरलेले असते. तरीही कमी लाल मणी आलेल्याचे कौतुक होते आणि जास्त आलेल्याला ताकीद मिळते. दोष पेटीत असतो, शिक्षा हाताला होते.

आपल्याकडील सेवाविषयक कायद्यातही या प्रश्नाचा एक पैलू आढळतो. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळवली पाहिजे, असा निर्वाळा दिला. त्या प्रकरणातील नोंद ‘चांगला’ अशी होती. पण पदोन्नतीचा निकष ‘अतिशय चांगला’ असल्याने तीच नोंद प्रतिकूल ठरली. ‘वाईट’ हे विशेषण निकषावर अवलंबून असते आणि ज्याला ते लागते त्याला बोलण्याची संधी मिळाली पाहिजे, हे या निर्णयातून स्पष्ट होते. दरवर्षी स्वयंमूल्यमापनाचे तक्ते भरणाऱ्या आपणा अध्यापकांना याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून असे म्हणता येईल की, ‘बार्टल्बी’ ही कथा वाईट कर्मचारी नसतातच असा दावा करीत नाही. कर्मचाऱ्याचा दोष नोंदवताना वरिष्ठाने कामाची मांडणी, बसण्याची जागा, मोबदल्याची रीत आणि स्वतःची नजर यांचीही नोंद घ्यावी, असे ती सुचवते. टर्की आणि निपर्स टिकले, कारण निवेदकाने त्यांचे दोष कामाच्या संदर्भात पाहिले. बार्टल्बीच्या वाट्याला दया आली, पैसे आले, उपदेशही आला. आपल्या कामाची मांडणी तपासणारा वरिष्ठ मात्र त्याला लाभला नाही. ताकीदपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी पडद्याच्या पलीकडे जाऊन, त्या खुर्चीवर बसून खिडकीबाहेर काय दिसते ते एकदा पाहावे, एवढी अपेक्षा या कथेच्या वाचनातून निश्चितच निर्माण होते.