बिघाडाचे क्रियापद : वाहनतंत्रज्ञांच्या हमीदावा-लेखनाचा विचार

तांत्रिक मराठीचा विचार आजवर प्रामुख्याने नामांच्या अंगाने झालेला आहे. दाते-कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश (१९४८) आणि १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश यांनी शास्त्रांना व यंत्रविद्येला संज्ञा पुरविल्या. परंतु यंत्र बिघडले असता काय घडले हे सांगण्याचा भार संज्ञांपेक्षा क्रियापदांवर अधिक पडतो. वाहनांच्या हमीदाव्याचे लेखन हे याचे बोलके उदाहरण होय.

मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १२ प्रमाणे हमी हे कराराच्या मुख्य हेतूस आनुषंगिक असे वचन असते; त्याचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मागता येते, माल मात्र नाकारता येत नाही. वाहन-उत्पादकाची लेखी हमी सामान्यतः साहित्यातील व बनावटीतील दोषांपुरती असते. नेहमीची झीज व गैरवापर तीतून वगळलेले असतात. म्हणजे भाग आपण होऊन तुटला की कोणी तोडला, या एका प्रश्नावर खर्च कोणी सोसावयाचा हे ठरते.

हा भेद मराठीच्या धातूंतच वसलेला आहे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे, जळणे-जाळणे या जोड्यांत अकर्मक रूप घटना सांगते, तर सकर्मक रूप कर्त्याची अपेक्षा ठेवते. इंग्रजी दाव्यांतील 'बर्न्ट' या एका शब्दात 'जळलेली' आणि 'जाळलेली' दोन्ही सामावतात. तथापि येथे एक सावधगिरी हवी. अकर्मक रूप कर्त्याचा उल्लेख टाळते. कर्ता नव्हताच असे ते सिद्ध करीत नाही. 'प्लेट जळली' हे कारण नव्हे, ती केवळ घटना होय. मराठीची सोय हीच मराठीतील पळवाटही ठरू शकते.

मुंबई-गोवा महामार्गावरील डोलवी येथे ही गोष्ट सहज ध्यानी येईल. पोलाद कारखान्यातून पत्र्याची अवजड कॉइल घेऊन निघणारा ट्रक भरल्या भाराने, रांगेत थांबत थांबत पुढे सरकतो. त्याची क्लच प्लेट जळाली असे समजू. चालकाने पाय सतत क्लचवर ठेवून गाडी अर्ध्या क्लचवर रेटली असेल, तर तो वापराचा दोष. क्रँकशाफ्टच्या मागील ऑइल सीलमधून गळलेले तेल प्लेटवर आल्याने ती घसरून तापली असेल, तर प्रश्न सीलच्या दोषाचा होतो. पहिल्या प्रकारात प्लेट कोरडी व करपलेली आढळते, दुसऱ्यात तेलाने माखलेली. 'क्लच प्लेट जळाली, बदलली' एवढीच नोंद दोन्ही ट्रकांना लागू पडते. म्हणूनच ती निरुपयोगी होय. मालकाचा रास्त दावा अशा नोंदीपायी बुडू शकतो, आणि गैरवापरही तिच्या आड सहज लपतो.

दाव्याच्या नोंदीचे तक्रार, कारण आणि उपाय असे तीन भाग रूढ आहेत. या प्रत्येक भागाचे व्याकरण निराळे आहे. तक्रार रीतिवर्तमानात येते: 'इंजीन हीट मारते', 'गाडी पिकअप घेत नाही'. ती मालकाच्याच शब्दांत टिपली पाहिजे. आगरी बोलीत कोणी 'गारी' म्हणाला म्हणून लक्षणाचे मोल उणे होत नाही. कारणाच्या भागात निरीक्षण व अनुमान वेगळे ठेवावे लागते: काय दिसले, काय मोजले, आणि त्यावरून काय ठरविले. उपाय कर्मणी भूतकाळात येतो: 'तंत्रज्ञाने सील बदलले'. यातही कर्ता गाळण्याची मुभा भाषा देते. नोंदीने ती घेऊ नये.

प्रचलित प्रशिक्षणाची उणीव नेमकी येथे आहे. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि त्यास जोडून संभाषण व इंग्रजी यांचेही शिक्षण दिले जाते. परंतु शिष्टाचाराची चार इंग्रजी वाक्ये येणे आणि बिघाडाचे कारण लेखी सिद्ध करणे या भिन्न विद्या होत. विद्यार्थ्याचे इंग्रजी कच्चे म्हणून दावा फसतो, हे निदान वरवरचे आहे. कारण न शोधता लिहिलेली नोंद निर्दोष इंग्रजीतही फसेल.

यास्तव क्रम उलटा करावा. विद्यार्थ्याने काढलेला भाग हाती घेऊन प्रथम मराठीत तीन भागांची नोंद करावी; प्रत्येक अकर्मक क्रियापदापुढे 'कशामुळे?' हा प्रश्न शिक्षकाने उभा करावा. उत्तराच्या पुष्टीस मोजमाप किंवा खूण मागावी. इंग्रजी अर्ज त्यानंतर. मराठी विभागांनाही येथे कार्य आहे. कोशात बसलेल्या संज्ञांइतकाच, गॅरेजात जिवंत असलेल्या 'बसणे', 'उडणे', 'खाणे', 'मारणे' या क्रियापदांचा अर्थ निश्चित करणे हे तांत्रिक मराठीचेच काम आहे. इंजीन 'बसले' म्हणजे नेमके काय झाले, हे जो नि:संदिग्ध लिहू शकतो, त्याच्या सहीला वजन येते. आणि ज्याच्या हाताला यंत्र कळते पण ज्याची नोंद कोणी मानीत नाही, त्या कारागिराला न्याय मिळण्याचा मार्गही तोच होय.