भयपटांची भित्तिपत्रके

भयपट व रहस्यपट यांच्या जाहिरातीसाठी तयार करण्यात येणारी चित्रमय छापील पत्रके. कौटुंबिक वा पौराणिक चित्रपटाचे भित्तिपत्रक पडद्यावर काय दिसणार आहे, ते सांगते. भयपटाच्या भित्तिपत्रकाला मात्र ते लपवून ठेवावे लागते आणि तरीही प्रेक्षकाला तिकीटघरापर्यंत आणावे लागते. या दुहेरी गरजेतून त्यांचे रचनासंकेत घडत गेले. काळी वा गर्द निळी पार्श्वभूमी, खालून पडलेल्या प्रकाशात अर्धाच उजळलेला चेहरा, किंचाळणारी स्त्री, एकाकी वाडा, निष्पर्ण वृक्ष, पूर्ण चंद्र आणि ओघळत्या रक्तासारखी तांबडी अक्षरे, ही त्यांची ठरीव सामग्री होय.

यांतील बरीचशी सामग्री यूरोपीय आहे. भग्न मठाभोवतीचे पर्णहीन ओक वृक्ष कास्पार डाव्हीट फ्रीड्रिख या जर्मन स्वच्छंदतावादी चित्रकाराने १८०९-१० मध्ये रंगविले. कललेल्या भिंती आणि लांबट सावल्या द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी (१९२०) या अभिव्यक्तिवादी मूकपटाने रूढ केल्या. लपविण्याची कला पुढे अमेरिकेत परिपक्व झाली. सॉल बास याने व्हर्टिगोसाठी (१९५८) नारिंगी-तांबड्या पृष्ठभागावर एक आवर्त आणि त्यात सापडलेल्या मानवाकृती एवढ्यावरच काम भागविले. द एक्झॉर्सिस्टच्या (१९७३) भित्तिपत्रकात भूत नाही, रक्तही नाही. घरासमोर प्रकाशाच्या झोतात उभी असलेली एका माणसाची छायाकृती आहे, इतकेच. पाहणाऱ्याची दृष्टी त्या माणसावरून प्रकाश जिथून येतो त्या खिडकीकडे जाते आणि तेथेच अडते.

भारतात चित्रमय भित्तिपत्रकाची परंपरा कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्यापर्यंत मागे जाते. त्यांचे कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. महल (१९४९) आणि बीस साल बाद (१९६२) यांसारख्या हिंदी चित्रपटांतील भय धूसर व सूचक होते. रामसे बंधूंच्या दो गज जमीन के नीचे (१९७२) पासून पुराना मंदिरपर्यंत (१९८४) मात्र जाहिरातीची रीत पालटली. राक्षसाचा विद्रूप चेहरा, त्याखाली नायक-नायिकेचे शृंगारिक युगुल, अशी सरमिसळ होऊ लागली. जे अखेरच्या रिळात दिसायचे, ते भिंतीवरच दिसू लागले. हा कलेचा ऱ्हास खरा. परंतु छोट्या गावांतील चित्रपटगृहांत भयपटाला हक्काचा प्रेक्षक मिळवून देण्यात या भडक पत्रकांचा वाटा मोठा होता, हेही मान्य करावे लागते. मराठीत शुद्ध भयपट थोडेच. त्यांपैकी हा खेळ सावल्यांचा (१९७६) याचे नावच एखाद्या उत्तम भित्तिपत्रकाचे काम करते.

या संकेतांचे परकेपण खऱ्या अरण्यात उघडे पडते. रान हे भयचित्राचे आवडते स्थळ. आणि महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण रान जुन्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाल्यानंतरच्या दोन जिल्ह्यांत आहे. गडचिरोलीचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. येथील साग पानझडी आहे, पण तो उघडा पडतो तो उन्हाळ्यात. निष्पर्ण वृक्षाशी येथे चांदणे व धुके यांचे नाते नाही. ते रखरखीत उन्हाशी, मार्च-एप्रिलमधील मोहफुलांशी आणि त्यामागून येणाऱ्या तेंदूपत्त्याच्या हंगामाशी आहे. त्या दिवसांत गावेच्या गावे पहाटे रानात शिरतात. वाघाची गाठ पडण्याची खरी भीती तेव्हाची, खाली वाकून फुले वेचणाऱ्याची. ती कोणत्याही चित्रकाराने भिंतीवर आणलेली दिसत नाही. तुंबाडने (२०१८) कोकणातील संततधार पावसालाच भयाचे रूप दिले. तसा प्रयत्न सागाच्या उन्हाळी वनाबाबतही करता येण्यासारखा आहे.

रात्रीचेही तसेच. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा (देसाईगंज) येथे ठाणे असलेल्या नाटकमंडळ्या गावोगाव प्रयोग करतात आणि ते रात्रभर चालतात. रानातून जाणाऱ्या रस्त्यांनी आसपासच्या गावांतील माणसे सहकुटुंब येतात. म्हणजे ज्या काळोखाला भयपटाचे भित्तिपत्रक धोक्याची खूण मानते, तोच येथे उत्सवाचा काळ ठरतो. या नाटकांची पत्रके काहीच लपवीत नाहीत. मंडळीचे नाव, नाटकाचे नाव आणि कलावंतांची छायाचित्रे दाटीवाटीने मांडलेली असतात. रचना म्हणून ती गचाळ वाटतील. परंतु ओळखीचा चेहरा पाहून प्रेक्षक येतो, हे त्यांचे गणित पक्के आहे.

तांबड्या रंगाची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी दले गडचिरोलीत शिरली आणि पुढील काही दशके रस्त्याकडेला बांधलेला लाल कापडी फलक हा येथील खराखुरा भयसूचक लेख होता. त्यावरील अक्षरे ओघळत नव्हती. ती साधी, सरळ व वाचता येण्याजोगी होती. तो दिसताच वाहने थांबत, माणसे परत फिरत. त्यापुढे चित्रपटाची रक्तबंबाळ अक्षरे अलंकारिक वाटतात. साधेपणाचा हाच गुण वनखात्याच्या सूचनाफलकांतही आढळतो. ताडोबाच्या परिसरातील गावांजवळ असे फलक दिसतात : वाघाचा वावर असल्याची एक ओळ, एकट्याने रानात जाऊ नये अशी दुसरी. क्वचित वाघाचे चित्र असते, बहुधा शांत बसलेल्या वाघाचे. जबडा उघडलेला नसतो.